कडू मंडळ

सुई टोचताना माणसाला बोलतं ठेवावं लागतं, हे मला पंचवीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं. हाताकडे बघू दिलं की माणूस घाबरतो, शीर आत पळते, आणि मग मी शोधत बसते. म्हणून पट्टा आवळला की मी विचारते, "मग? घरी काय म्हणतंय?" झालं! सासू, सून, न जमलेलं लग्न, आटलेली म्हैस, सगळं बाहेर येतं. रक्त दोन मिली आणि गोष्ट दोन तास! रिपोर्ट मी संध्याकाळपर्यंत देऊन टाकते. गोष्टी मात्र परत न्यायला कुणी येत नाही. त्या माझ्याकडेच साठून राहिल्यात.

पौड रोडवरून आत, कासार आंबोलीत आमचा तीन खोल्यांचा दवाखाना. मी तिथली लॅबवाली. गावात मला 'रगतवाली ताई' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला होता, आता कुणी नावाने हाक मारली तर मीच वळून बघत नाही. दर बुधवारी पुण्याहून डॉक्टर मॅडम येतात आणि फक्त शुगरवाल्यांना तपासतात. त्या बुधवारच्या लोकांचे हे किस्से. तुम्हाला वेळ आहे ना? मग बसा.

*

पहिल्याच बुधवारी हौसाआक्का आल्या. साठी उलटलेल्या, उंचीला बेताच्या, आवाज मात्र शिवारभर जाईल असा. बरोबर त्यांचे मालक, किसननाना. नाना इतके कमी बोलतात की त्यांची शीर शोधायला मला नेहमी वेळ लागतो.

मी आदल्या दिवशी सगळ्यांना निरोप दिला होता, "सकाळी उपाशी या." आक्का अगदी न्हाऊन-धुऊन, कपाळभर कुंकू लावून आल्या. शुगर काढली तर दोनशे अठ्ठ्याण्णव!

"आक्का, काही खाऊन आलात का?"

"न्हाई गं बाय. उपास हाय की."

"नक्की ना? नुसतं पाणी?"

"नुसतं पानी कसं? उपासाचं खाल्लं. साबुदान्याची खिचडी, दोन रताळी आन वाईच राजगिऱ्याचा लाडू."

"अहो आक्का! उपाशी म्हणजे काहीच खायचं नाही!"

"काईच न्हाई?" आक्का माझ्याकडे दया आल्यासारखं बघायला लागल्या. "आगं, मंग त्याला उपास कोन म्हनतं?"

आक्कांच्या मागे रांगेत बसलेले तिघंजण गुपचूप उठले आणि "उद्या येतो, ताई" म्हणत निघून गेले. त्या दिवसापासून दारावर पाटी आहे: 'उपास करू नये. उपाशी यावे.'

*

आमच्या बुधवारच्या लोकांत एक गुरुजी आहेत. झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. शाळा सुटली, पण शिकवणं काही सुटलं नाही. मेथीदाण्यात चिकट धागा असतो, तो पोटात साखर हळूहळू सोडतो; कारल्यात अमुक द्रव्य, जांभळाच्या बीत तमुक द्रव्य; मी रक्त काढेपर्यंत त्यांचा एक धडा पूर्ण होतो. चुकीचं नसतं हो त्यांचं. मॅडमसुद्धा म्हणतात, "या वनस्पतींत साखरेवर थोडंफार काम करणारी रसायनं असतात. कुणाला मदत होते, कुणाला होत नाही. फक्त गोळीच्या जागी घेऊ नका आणि मला विचारल्याशिवाय घेऊ नका."

पण गुरुजींनी वर्गात कधी कुणाला विचारलं होतं का, जे आता विचारतील?

एकदा ते बिवळ्याच्या लाकडाचा पेला घेऊन आले. रात्री त्यात पाणी ठेवायचं, सकाळी लाकडाचा रंग उतरतो, ते प्यायचं. महिनाभर पीत होते, आणि शुगर उलट वर! मॅडमनी डोक्याला हात लावला. "गुरुजी, नक्की पाणीच पिताय ना यातून?"

"सकाळी पाणी," गुरुजी म्हणाले. मग खालच्या आवाजात, "आणि दिवसभर चहा."

"साखरेचा?"

"म्हटलं, चहातली साखर पेलाच मारून टाकेल."

*

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही गुरुजींनीच काढला. सगळेजण काही ना काही कडू पितात म्हणून कौतुकाने नाव ठेवलं, 'कडू मंडळ'. आता पुण्यात हे चाललं असतं. आमच्याकडे 'कडू' ही शिवी आहे, ती पण थेट आईबापापर्यंत जाणारी! गुरुजी आयुष्यभर पुस्तकी मराठीत राहिलेले, त्यांच्या लक्षातच आलं नाही.

पुढच्या बुधवारी कधी न बोलणारे किसननाना त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "गुरुजी, तुमी माज्या पोराला शिकिवलंया. म्हनून काय बोलत न्हाई. पर ह्या वयात समद्यांम्होरं आय काडायची व्हय?"

गुरुजींनी तिथल्या तिथे नाव बदलून 'गोड मंडळ' केलं. त्यावर मॅडम चिडल्या. शेवटी ग्रुपला नावच नाही, नुसतं मेथीच्या जुडीचं चित्र आहे. पण तोंडात मात्र कडू मंडळच बसलं, आणि आता नाना पण तेच म्हणतात.

*

या सगळ्या मंडळाला झाडपाला पुरवायच्या त्या हौसाआक्काच. बांधावरचं, ओढ्याकाठचं, डोंगरातलं पान न् पान त्यांना ठाऊक. लहानपणी आईमागे फिरून शिकलेल्या. कुणाला कोवळी कारली, कुणाला वाळवलेल्या जांभळाच्या बिया, कुणाला टाकळ्याची भाजी, असं बुधवारी ओच्यातून घेऊन यायच्या आणि देताना वर दम भरायच्या, "लई खाऊ नगंस, हगवन लागंल."

मारुंजीहून एक रोहित यायचा. चौतीस वर्षांचा, कंपनीत लॅपटॉपवर बसून बसून शुगर ओढवून घेतलेला. त्याने पहिल्यांदा आक्कांच्या हातची कारली घेतली आणि विचारलं, "मावशी, हे ऑरगॅनिक आहे ना?"

"मंजी?"

"म्हणजे, खतं वगैरे काही घातलं नाही ना?"

"बांदावर आपसूक येतंय बाबा. शेळी जाता-येता घालती, तेवडंच."

रोहितने कारली चार वेळा धुतली म्हणे. पण पुढच्या बुधवारी पुन्हा मागायला आला.

*

आता जरा वेगळं सांगते.

मॅडमना एकदा हुक्की आली, मंडळाला गुडमारीची गंमत दाखवायची. आमच्याकडे त्या वेलीला कुणी बेडकीचा पाला म्हणतं. पान चावून खाल्लं की त्यातलं द्रव्य जिभेची गोडाची जागा अडवून धरतं, आणि थोडा वेळ साखर तोंडात टाकली तरी नुसती वाळू लागते. मॅडमनी आक्कांना पानं आणायला सांगितली. आक्कांनी आणली, छान धुऊन, फडक्यात बांधून.

वर्गात पुढे बसायची सवय असल्यासारखे गुरुजी पुढे झाले. पान चावलं. मॅडमनी त्यांच्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवली. सगळे टक लावून बघताहेत. गुरुजींनी डोळे मिटले आणि तोंडभर हसले.

"गोड लागतेय!"

सगळे खो खो हसले. कुणी म्हणालं, गुरुजींच्या जिभेवर दिवसभराच्या चहाची साखर चढलीय, पाला काय करणार! मीही हसले. मग माझं लक्ष आक्कांकडे गेलं.

त्या फडक्यातलं एक पान घेऊन नाकाशी धरत होत्या, मग बोटांनी चाचपत होत्या, मग उजेडाकडे नेऊन डोळ्यांच्या अगदी जवळ. "ह्यो त्यो न्हाई," त्या पुटपुटल्या. "ह्यो त्यो पालाच न्हाई. म्या दुसरंच कायतरी आनलं."

पान निरुपद्रवी निघालं, गुरुजींना काही झालं नाही. पण आक्का पदर तोंडावर घेऊन रडायला लागल्या. "आज ह्ये आनलं. उद्या इखारी पाला आनून कुनाला तरी मारीन म्या!"

मॅडमनी बॅटरी लावून बघितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कधीपासून त्या वासावर आणि हातावर काम चालवत होत्या, कुणाला कळूच दिलं नव्हतं. शेजारीच बसणाऱ्या नानांनाही नाही. नाना तिथेच खुर्चीत बसले होते, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना.

*

डोळ्यांचा दवाखाना ऑपरेशनला तयार होता. अट एकच, शुगर खाली आणा. आणि आक्का गोळी घ्यायला तयार नाहीत! त्यांच्या थोरल्या जावेने गोळ्या घेतल्या आणि ती वर्षात गेली. ती कशाने गेली कुणास ठाऊक, पण आक्कांच्या डोक्यात गोळीनेच गेली. "येकदा चालू झाली का मढ्याबरुबरच सुटती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मॅडमनी खूप समजावलं. शेवटची युक्ती म्हणून म्हणाल्या, "आक्का, ही गोळीसुद्धा मुळात झाडपाल्यावरूनच सुचली. परदेशात एक झुडूप आहे. त्यातल्या रसायनावरून शोध लागत लागत ही गोळी तयार झाली."

आक्कांचा चेहरा उजळला. "व्हय? मंग झुडूपच द्या की!"

"अहो, ते झुडूप विषारी आहे. म्हणून तर कामाचं तेवढं ओळखून गोळी केली!"

"बगा! इखारीच हाय म्हंजी!" आक्का उठल्या, चिठ्ठी टेबलावर तशीच टाकून निघाल्या. नाना मागे रेंगाळले, चिठ्ठी उचलून घडी घालून टोपीत ठेवली आणि मॅडमना विचारलं, "जेवायच्या आदी का मागनं?"

"खाऊन झाल्यावर. सकाळ-संध्याकाळ," मॅडम म्हणाल्या.

*

मध्ये एक मजा झाली, ती सांगायलाच हवी. बुधवारीच. गुरुजी बाकावर बसल्या बसल्या घामाने भिजले, हात थरथरायला लागले, बोलणं जड झालं. गोळी घेतली होती, वर पेलाभर कारल्याचा रस ढोसला होता, आणि मी उपाशी यायला सांगितलेलं! शुगर धाडकन खाली आलेली.

"साखर आणा! पटकन!" मॅडम ओरडल्या.

आता शुगरच्या दवाखान्यात साखर कुठून आणणार? प्रयोगानंतर उरलेल्या पुडीला मुंग्या लागल्या म्हणून मीच ती फेकली होती. चहा आमचा बिनसाखरेचा. मी एकेक डबा उघडून बघतेय. तेवढ्यात पलीकडच्या आज्जींनी कनवटीचा पेढा काढला. रोहितच्या बॅगेतून चॉकलेट निघालं. एकाच्या खिशात गुळाचा खडा, एकाच्या खिशात रुमालात बांधलेली बुंदी! मिनिटभरात टेबलावर लग्नाचं ताट मांडलं गेलं.

गुरुजी दहा मिनिटांत सावरले, नंतर भाकरी खाल्ली. मॅडमनी टेबलावरचा एकेक जिन्नस उचलून बघितला. एकेकाचं पितळ उघडं पडलेलं, सगळे माना खाली घालून बसलेले.

"हे सगळं," मॅडम म्हणाल्या, "इमर्जन्सीसाठीच ठेवलं होतं ना?"

"व्हय, व्हय!" सगळे एका सुरात ओरडले. मॅडमनी तेवढ्यावर सोडून दिलं, पण त्या दिवशी प्रत्येकाला वहीत लिहायला लावलं, गोळी कोणती आणि पाला कोणता.

*

आणि आक्कांची शुगर उतरायला लागली!

आधी दोनशे चाळीस, मग दोनशे, मग एकशे सत्तर. मी दोनदा मशीन तपासलं. आक्का म्हणायच्या, "आमचं ह्ये जांभळाच्या बियाचा काढा करून देत्यात, त्याचा गुन." मंडळात आनंदी आनंद. गुरुजींनी जांभळाच्या बीवर तासभर व्याख्यान दिलं. रोहितने बियांची पावडर ऑनलाइन मागवली. डोळ्यांच्या दवाखान्याने तारीख दिली, पुढचा सोमवार.

त्या आठवड्यात नाना एकटेच आले. रांग संपेपर्यंत कोपऱ्यात थांबले. मग माझ्यासमोर बसले आणि सवयीने हात पुढे केला.

"नाना, आज तुमचं रक्त नाही काढायचं."

"ताय, येक इचारू? पाप तर न्हाई ना लागायचं?" त्यांनी टोपीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली. "काढ्यात कुटून घालतुया. दोनी टायमाला. तिला ठावं न्हाई."

ज्या माणसाच्या तोंडून वर्षभरात दहा वाक्यं ऐकली नव्हती, तो माझ्यासमोर डोळे पुसत होता. "तिला दिसाया पायजे, ताय. ती अंगनात चाचपडती, मला बगवत न्हाई."

मी मॅडमना फोन केला. त्या आधी भडकल्या. नशीब, साधी गोळी आहे, कुटून घेतली तरी चालणारी, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण हे असं चोरून नाही चालायचं. तिच्या पोटात काय जातंय ते तिला कळलंच पाहिजे. आणि सोमवारी ऑपरेशनच्या आधी तिला विचारतील, कोणती गोळी घेता? ती काय सांगणार? तूच जा आणि नीट सांग."

म्हणजे आली का पंचाईत! न सांगावं तर सोमवारी घोटाळा. सांगावं तर आक्का भडकून सगळंच सोडणार, शुगर पुन्हा वर, तारीख गेली, डोळे गेले.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. आतून खलबत्त्याचा आवाज येत होता. नाना माझ्याकडे न बघता चुलीपाशी गेले. आक्का ओट्यावर बसून होत्या, पुढ्यात ताटलीत अर्धी भाकरी. मी शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला. सुई नव्हती, तरी सवयीने शीर चाचपली.

"आक्का, रागावू नका. त्या काढ्यात..."

"गोळी हाय," आक्का म्हणाल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आगं, जलमभर जांभळाच्या बिया वाळीवल्या म्या. बी तुरट असती. ह्यो काढा कडूजार लागतुया. आन काढा घ्यायचा असतुया अनशापोटी. ह्ये म्हंत्यात, आदी भाकर खा. तवाच वळाकलं."

"मग घेता कशा? तुम्ही तर गोळीच्या नावाने..."

आक्कांनी आत, चुलीच्या दिशेने मान वळवली. दिसत काहीच नसणार, धुराशिवाय. आवाज एकदम खाली आणला, त्यांना जमेल तेवढा.

"पंचेचाळीस वरसं नांदली म्या हितं. बाळतपनात सुदीक पान्याचा तांब्या कुनी हातात दिला न्हाई. आता दिस उगवायच्या आदी उटत्यात. कुटत्यात. फुकून फुकून निवीवत्यात. आन म्हंत्यात, 'हौसा, घे.'" त्यांनी माझा हात घट्ट धरला. "त्यांना सांगू नगंस म्या वळाकलं म्हनून. कळलं, तर गोळी हातावर ठिवतील आन जातील रानात. मंग मला कोन हाक मारंल?"

"पण सोमवारी विचारतील ना, आक्का. गोळी कोणती म्हणून."

"मेटफारमीन," आक्का म्हणाल्या. "म्याडम चिट्टी लिवताना म्हनल्या व्हत्या, त्ये पाट केलंया म्या. सांगीन डाक्टरच्या कानात."

तेवढ्यात नाना आले. दोन्ही हातांत धरलेला स्टीलचा पेला, कडेला फडकं गुंडाळलेलं. माझ्याकडे एकदा घाबरून बघितलं. मी मान हलवली, काय समजायचं ते समजले असतील.

"हौसा, घे."

आक्कांनी चाचपडत पेला घेतला, डोळे मिटून एका दमात रिकामा केला आणि तोंड वाकडं केलं.

"आज लई तुरट झालाय वो!"

"बी जून हाय," नाना म्हणाले.